दारासमोरचे भन्ते

भिवाजी सरकटे फौजेतून सुटून आला तेव्हा लिलाबाईच्या लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. पण त्यातला संसार पाहायला गेलं तर सगळा सुट्ट्यासुट्ट्यांचा. तो आला की घरात बुटाच्या पॉलिशचा वास भरायचा, शेजारचे बाप्ये बाटलीच्या आशेनं ओट्यावर येऊन बसायचे, आणि त्याच्या असण्याची जरा सवय होते न होते तोच ट्रंक पुन्हा बाहेर निघायची. पेन्शनीत आला म्हणून ती हरखली, तर त्यानं अकोल्याला एका कारखान्यावर चौकीदारी धरली. नीलिमा, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागली होती; पुढं तीही शिकायला बाहेरगावी गेली. असं करता करता भिवाजीची साठी जवळ आली. मग एका हिवाळ्यात तो खापरीत उतरला, वळकटी ओट्यावर टाकली आणि म्हणाला, "आता नाई जात कुठी."

खापरी म्हणजे धनजच्या रस्त्यावरून आत शिरलं की लागणारं गाव. बौद्धवाडा गावाच्या पूर्वेला, मधोमध विहार, आणि विहाराच्या बरोबर समोर लिलाबाईचं दोन खोल्यांचं घर. नवऱ्याचं बोलणं ऐकून ती उठली. आत जाऊन चहा मांडला. आनंद झालेला दाखवला तर तो परत उठून जाईल, अशी तिला धास्ती होती.

पण तो राहिला. पहाटे उठून दाढी करायचा, कुठं जायचं नसलं तरी बूट पुसायचा, आणि मग चहा ठेवायचा. लिलाबाईला आयुष्यात कोणी झोपेतून उठवून चहा दिला नव्हता. पहिल्यांदा तर ती घाबरून उठली, कोणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून. तो भाजी चिरायचा तर एकेक फोड सारखी, भांडी लावायचा तर उंचीप्रमाणं. ती चिडायची. "ही काय तुमची बराक हाये का?" म्हणायची. तो हसायचा आणि पुन्हा तसंच लावायचा. कारंज्याच्या बाजाराला दोघं मोटारसायकलवर जायचे. जाताना ती पिशवी मध्ये धरायची, येताना पिशवी हँडलला असायची. पन्नाशी उलटल्यावर आपल्याला नवरा मिळाला, असं तिला मनातल्या मनात वाटायचं, आणि त्या वाटण्याची तिला लाजही वाटायची.

एकच गोष्ट होती. भिवाजीला झोप नव्हती. वर सीमेवर असताना त्याच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता आणि त्याचे जोडीदार खाली गाडले गेले होते. भिवाजी हातानं, पातेल्यानं, मिळेल त्यानं बर्फ उकरत राहिला होता. त्यातले सगळे काही जिवंत निघाले नाहीत. याबद्दल तो कधी बोलला नाही, एकदाच म्हणाला, "डोळे मिटले का बर्फ पडते, लिला." दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. गोळीनं डोळा लागायचा, पण दिवसभर तो भिंत धरून चालल्यासारखा चालायचा. त्यानं गोळ्या सोडल्या.

त्या साली विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर ठरलं. डोकं मुंडवायचं, भिक्खूचं वस्त्र म्हणजे चीवर नेसायचं, दुपारनंतर अन्न नाही, ध्यान करायचं, आणि दहाव्या दिवशी चीवर उतरवून घरी यायचं. विहार समितीचा अध्यक्ष धम्मपाल शाळेत मास्तर होता. तो घरी येऊन भिवाजीला म्हणाला, "काका, तुमच्यासारखा शिस्तीचा मानूस बसला तर पोट्टेही बसतीन."

भिवाजी हो-नाही करत होता. लिलाबाईच म्हणाली, "जा ना. दहा दिवस तर हायेत. अन् जानार किती दूर? समोर तर हाये."

हे तिचे शब्द पुढं तिला कित्येकदा आठवले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती शिबिरातल्या लोकांसाठी भाकरी घेऊन गेली तेव्हा धम्मपाल हसत सांगू लागला, "काकू, काका काय घोरतात हो. पोट्टे म्हनतात, आमाले झोपू देत नाई." लिलाबाई टोपली हातात धरून उभीच राहिली. इतक्या वर्षांत तिनं भिवाजीचं घोरणं ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं. आणि लगेच वाईटही वाटलं. आपल्याशेजारी जे आलं नाही ते इथं चटईवर आलं, एवढं तिला कळलं.

दहाव्या दिवशी सगळा वाडा विहारापुढं जमला. शिबिराला आलेले मोठे भन्ते आसनावर बसले होते. एकेक श्रामणेर पुढं येऊन चीवर उतरवण्याची आज्ञा मागत होता. भिवाजीची पाळी आली. तो गुडघ्यावर बसला, हात जोडले आणि म्हणाला, "भन्ते, मले हे उतरवायचं नाई."

लोकांत कुजबुज झाली. मोठे भन्ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गृहस्थ आहात. घरातली परवानगी पाहिजे. तुमच्या पत्नी इथं आहेत का?"

बायांनी लिलाबाईला पुढं केलं. कोणीतरी माईक तिच्या तोंडासमोर धरला. भन्तेंनी विचारलं, "उपासिका, तुमची राजीखुशी आहे का?"

ती भिवाजीकडं पाहू लागली. मुंडवलेल्या डोक्यानं तो वेगळाच दिसत होता. पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली होती, चेहरा भरला होता. त्यानं मान वर केली नाही. तिच्या मनात आलं, म्हणावं, मले घरी जाऊन इचार करू द्या. म्हणावं, याले मी आता तर भेटली. पण सगळा वाडा तिच्याकडं पाहत होता, मागं बुद्धाची मूर्ती होती, आणि माईकमध्ये तिचा श्वास कर्ण्यावर सगळ्या गावाला ऐकू येत होता. ती म्हणाली, "हाये."

"साधु, साधु, साधु," लोक म्हणाले. बायांनी तिला मिठ्या मारल्या. एक म्हातारी तर तिच्या पाया पडली.

पुढं भिवाजी कित्येक महिने लांबच्या एका विहारात शिकायला होता. तिकडंच त्याची भिक्खूची दीक्षा झाली, नाव मिळालं खंतिपाल. तो काळ लिलाबाईला जड गेला, पण ओळखीचा होता. नवरा लांब असण्याची तिला सवय होती. कोणी विचारलं तर ती "शिकाले गेले" म्हणायची, जशी पूर्वी "बॉर्डरवर हायेत" म्हणायची. जीव अडकला तो नंतर, समितीनं त्याला परत आणला तेव्हा. आपल्या गावचा भिक्खू दुसऱ्या गावानं का ठेवावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. विहाराला लागून खोली बांधली, संडास बांधला, ट्रॅक्टर फुलांनी सजवला, आणि भन्ते खंतिपाल वाजतगाजत खापरीत आले. लिलाबाईनं स्वतःच्या दारातून त्यांच्यावर फुलं टाकली. सगळ्यांनी टाकली, तिला टाकावीच लागली.

आता सकाळी दार उघडलं की समोर भिवाजी. अंगण झाडताना दिसायचा, कडुनिंबाखाली येरझारा घालताना दिसायचा, दोरीवर त्याचं चीवर वाळत पडलेलं दिसायचं. जो माणूस तिच्या हातचं धुतलेलं घालायचा त्याचं कापड आता वाड्यातली पोरं आळीपाळीनं धुवायची, आणि नीट पिळायचीही नाहीत. चीवरातून पाणी गळताना पाहून तिचे हात शिवशिवायचे. पण भन्तेंच्या खोलीकडं बाईनं एकटीनं जायचं नव्हतं. बोलायचं तर चौघांत बोलायचं, तेही हात जोडून, खाली बसून. पहिल्यांदा ती विहारात वंदनेला गेली आणि रांगेत तिची पाळी आली तेव्हा ती वाकली, कपाळ जमिनीला टेकलं, आणि वरून आवाज आला, "सुखी व्हा, उपासिका."

घरी येऊन ती किती तरी वेळ हसत होती. उपासिका. मग हसू थांबलं आणि ती तशीच भिंतीला टेकून बसून राहिली.

भोजनदानाच्या पाळ्या लागल्या होत्या. लिलाबाईची पाळी शनिवारी. बाकीच्या दिवशी दुसऱ्या घरांतून ताट जायचं, आणि त्यात हमखास बेसन असायचं. वऱ्हाडात पाहुण्याला बेसन-भाकर म्हणजे मोठा मान. भिवाजीला बेसन चालत नव्हतं, छातीत जळजळ व्हायची, हे फक्त लिलाबाईला ठाऊक. एकदा तिनं शेजारच्या सुकेशनीला सांगितलं, "त्यायले बेसन नको देत जाऊ, बाधते." सुकेशनी पदर सावरत म्हणाली, "बाई, भन्तेले आवडनिवड नसते. पात्रात पडीन ते खातात. तुमी अजून घरचंच समजून राह्यल्या का?" लिलाबाई गप्प बसली.

अशा गप्प बसण्याचीच मग रीत पडली. जयंतीच्या मिरवणुकीत ती दरवर्षी बायांत सगळ्यांपुढं नाचायची. त्या साली डीजे लागला, तिचे पाय हलले, तर वाड्यातल्या मंजूनं तिचा दंड धरला. "मावशी, तुमी नका. बरं नाई दिसत. भन्ते गाडीवर बसले हायेत." ती कडेला उभी राहिली आणि टाळ्या वाजवत राहिली. हळदीला तिला बोलावणं यायचं, पण खुर्ची द्यायचे. बाया तिच्यापुढं चावट गाणी म्हणायच्या थांबायच्या. विजेची तार जोडणारा आला आणि ती त्याच्याशी अंगणात दोन शब्द जास्त बोलली, तर संध्याकाळी कोणीतरी विचारलं, कोन होता. रंगाची साडी नेसली तर नजर, आजारी पडली तर नजर. नवरा मेला असता तर लोकांनी रडू तरी दिलं असतं. सोडून पळाला असता तर शिव्या देता आल्या असत्या. हा समोर होता, निरोगी होता, सगळे त्याच्या पाया पडत होते, आणि त्याच्या बायकोला कोणाजवळ काही बोलायची सोय नव्हती. "लय पुन्यवान तुमी," लोक म्हणायचे. ती मान हलवायची.

आणि त्याला दोष देणंही तिला जमत नव्हतं, कारण तो झोपत होता. दुपारी कडुनिंबाखाली बसल्या बसल्या त्याची मान पडायची आणि ती ओट्यावरून पाहायची. तांदूळ निवडता निवडता हात थांबायचे. झोपू दे बाप्पा, असं वाटायचं. त्याच क्षणी असंही वाटायचं की जाऊन त्याला गदागदा हलवावं.

नीलिमाचं लग्न रिसोडला जमलं. मुलाकडच्यांनी भन्तेंची लेक म्हणून आनंदानं केली. लग्न खापरीतच झालं आणि लावलं भिवाजीनंच. मुलीच्या बापाच्या जागी लिलाबाईचा भाऊ उभा राहिला. भिवाजी आसनावर बसून त्रिशरण पंचशील देत होता, आवाज खणखणीत, परेडवर असायचा तसा. वधूवरांना आशीर्वाद देताना मात्र तो मध्येच अडखळला, आणि लोकांना वाटलं माईक गेला. धम्मपालनं माईकवर टिचकी मारून पाहिली. नीलिमा निघताना त्याच्यापुढं वाकली आणि वाकलेलीच राहिली. बापानं डोक्यावर हात ठेवावा म्हणून ती थांबली होती. भिक्खूनं स्त्रीला हात लावायचा नसतो. भिवाजीनं हात उचलला आणि तिच्या डोक्यापासून वीतभर वर धरला. नीलिमानं आईकडं पाहिलं. लिलाबाईनं पुढं होऊन तिला उठवलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. वर्षावास चालू होता, म्हणजे पावसाचे तीन महिने भिक्खूनं एका जागी राहायचं असतं. भिवाजी तापानं फणफणला. समितीची माणसं त्याच्या खोलीत आळीपाळीनं बसत होती. लिलाबाईला दारातून सगळं दिसत होतं. ओल्या पट्टीतलं पाणी उशीवर पडत होतं, खिडकी बंद होती, आणि एवढ्या गर्मीत त्याच्यावर दोन चादरी टाकल्या होत्या. तिनं पातळ खिचडी करून सुकेशनीच्या हातानं पाठवली. ती तशीच परत आली, दुपार टळून गेली म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला. विहाराच्या अंगणात बरीच माणसं जमली होती, गाडीची वाट पाहत होती. लिलाबाईही चार बायांसोबत उभी होती. आतून भिवाजीचा आवाज आला, मोठा, स्पष्ट.

"लिला. लिला, खिडकी उघड. बर्फ आत येऊन राह्यला."

अंगणातल्या सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. आत भिवाजी उघड्या डोळ्यांनी छताकडं पाहत होता. खिडकी तिच्या हाताच्या अंतरावर होती. धम्मपाल दारात आडवा झाला. त्याचा आवाज नरम होता. "काकू, तुमी घरी जा. आमी हावोत ना."

"खिडकी तर उघडू द्या."

"उघडतो मी. तुमी जा."

ती घरी गेली. दार लावून घेतलं, पण आवाज दाराला थांबत नव्हता. गाडी येईपर्यंत भिवाजी तिलाच हाका मारत होता.

वाशीमच्या दवाखान्यात त्याला उतार पडला. तो परत आला, वाळलेला, काठी टेकत. आणि त्यासोबत गावात बोलणं सुरू झालं. भन्तेचं मन अजून घरात हाये. एवढी दीक्षा घेऊन बायकोचं नाव तोंडात येते. मग बोलणं फिरून लिलाबाईवर आलं. दिवसभर डोळ्यासमोर राहते, ओट्यावर बसते, मग त्यायचं तरी मन कसं लागीन?

धम्मपाल आणि समितीचे दोघं एका सकाळी तिच्याकडं आले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर धम्मपाल म्हणाला, "काकू, आमी इचार केला. तुमच्या घराले मागून एक दार पाडून देतो. सगळं काम समिती करीन. हे समोरचं दार मग बंद करून टाकू. ओट्यावर भिंत येऊन जाईन. तुमालेही बरं, भन्तेलेही बरं."

लिलाबाईला आधी समजलंच नाही. "कोनतं दार?"

"हेच. समोरचं."

"मंग मी निंगू कुठून?"

"मागून ना. तिकडून गल्ली हाये."

तिकडं उकिरडा होता आणि गावाचं सांडपाणी वाहत होतं. ती धम्मपालकडं पाहत राहिली. तो वाईट माणूस नव्हता. नीलिमाच्या लग्नात पाठ मोडेपर्यंत राबला होता. तो खरंच सगळ्यांच्या भल्याचंच बोलत होता, आणि म्हणून तिला जास्त भीती वाटली.

"पाह्यते," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ओट्यापुढं विटा येऊन पडल्या.

शनिवार आला. तिची भोजनदानाची पाळी. तिनं मुगाची खिचडी आणि ताक केलं, पालकाची भाजी केली आणि ताट घेऊन विहारात गेली. नेहमीची माणसं होती. धम्मपाल होता, सुकेशनी होती, वंदनेला आलेली म्हातारी माणसं होती. भिवाजी जेवला. पाणी प्याला. पुण्यानुमोदनाची गाथा म्हणायला त्यानं हात जोडले तेव्हा लिलाबाई बोलली.

"भन्तेजी, मले काही इचारायचं हाये. सगळ्याईसमोर."

त्यानं मान हलवली.

"माह्या दारासमोर विटा पडल्या, त्या तुमी पाह्यल्या का?"

"पाह्यल्या. ओटा वाढवून राह्यल्या असान, असं वाटलं."

"ओटा नाई. दार बुजवून राह्यले. मी तुमाले दिसू नाई म्हनून."

भिवाजीनं धम्मपालकडं पाहिलं. धम्मपाल जमिनीकडं पाहत होता. सुकेशनी हळूच म्हणाली, "बाई, हे काय आता इथं." लिलाबाईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

"तुमी भिक्खू झाले, मी हो म्हनलं. मी कधी आड नाई आली. पन तुमी चारशे कोसावर होते तवा मी बरी होती. आता तुमी समोर असता अन् मले ना हसता येत, ना रडता येत. आता म्हनतात दारही नको. भन्तेजी, तुमी हे गाव सोडा."

एक म्हातारा उठून उभा राहिला. "लिला, कोनाशी बोलून राह्यली तू?"

"बसा, बाबा," भिवाजी म्हणाला. त्याचा आवाज पूर्वीचा होता, हवालदाराचा. म्हातारा बसला.

भिवाजीनं पात्र बाजूला सरकवलं. म्हणाला, "मी समितीले दोनदा म्हनलं होतं, मले दुसऱ्या विहारात जाऊ द्या. त्यायनं ऐकलं नाई, हे खरं. पन मीही जोर नाई लावला, हेही खरं. सकायी तुमचं दार उघडते, धूर निंगते, तेवढं दिसलं का मले दिवस सोपा जाते. भिक्खूनं असं धरून नाई बसावं. मी बसलो." त्यानं खांद्यावरचं चीवर चाचपलं. "चीवर उतरवताही येते. त्याले बंदी नाई. तुमी म्हनान तर मी आज उतरवतो."

याच वाक्याची लिलाबाईनं वाट पाहिली होती. आणि ते आलं तेव्हा तिला एकदम राग आला.

"परत माह्यावरच," ती म्हणाली. "मागं माईक माह्यासमोर धरला, तवाही तुमी खाली मान घालून बसले होते. मी हो म्हनली, ते माह्या अंगावर आलं. आता उतरवा म्हनली तर उद्या तुमाले झोप नाई येनार, अन् तेही माह्याच अंगावर. मी नाई सांगत. या बारीनं तुमी ठरवा."

भिवाजी पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहत होता. चीवर घेतल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यानं डोळे खाली केले, आणि म्हणाला, "वर्षावास संपला का मी जातो. अन् धम्मपाल, त्या विटा उचलून घ्या."

विटा उचलल्या गेल्या, पण गावानं ते तिच्यावरच धरलं. वर्षावास संपेपर्यंतचे, म्हणजे आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंतचे दिवस तिनं कसेबसे काढले. दार उघडं होतं आणि ती उघड्या दारात बसायची नाही. भिवाजीही कडुनिंबाखाली यायचा बंद झाला. पौर्णिमेनंतर तो एसटीनं गेला. रिसोडच्या पलीकडं एका लहान गावातल्या विहाराला भिक्खू हवा होता. सोडायला सगळा वाडा रस्त्यापर्यंत गेला, बाया रडल्या. लिलाबाई गेली नाही. तिनं घरातून एसटीचा हॉर्न ऐकला आणि चूल पेटवली.

नंतर कित्येक महिने तिच्याशी कोणी धड बोललं नाही. गावाचा भन्ते हिनं काढला, हे पोरासोरांच्या तोंडी झालं. सुकेशनी पाणी भरताना तोंड फिरवायची. समितीनं भन्तेंच्या खोलीला कुलूप लावलं, आणि ते कुलूप दार उघडलं की रोज तिच्या डोळ्यांत भरायचं. सोयाबीन सोंगायला तिला टोळीत घ्यायचे, पण जेवायला ती एकटीच बांधावर बसायची. कधी तिला वाटायचं, भिंत बांधू दिली असती तरी काही वेगळं झालं नसतं. तरीही एका दुपारी बांधावर बसल्या बसल्या तिनं मोठ्यानं कसलंसं गाणं म्हटलं, आणि कोणी थांबवलं नाही.

उन्हाळ्यात ती नीलिमाकडं रिसोडला गेली. नीलिमा म्हणाली, "आई, बाबाले पाह्याले जातं का? बुद्धपौर्निमा हाये, जेवन असते तिथं. मले तब्येतीनं जमत नाई, तू जाय." लिलाबाई नको नको म्हणाली आणि सकाळी जीपमध्ये जाऊन बसली.

लहानसा विहार होता, पत्र्याचा मांडव टाकलेला. ती बायांत मागं बसली. भिवाजी आसनावर होता. अंग जरा भरलं होतं, काठी दिसत नव्हती. तो सैन्यातलं काहीतरी सांगत होता, थंडीत बंदुकीला हात चिकटतो ते, आणि लोक हसत होते. त्याला असं लोकांत सांगताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तिला पाहिलं की नाही, कळलं नाही. पाहिलं असलं तरी त्याचा आवाज हलला नाही.

वंदनेच्या रांगेत ती गेली नाही. जेवणाच्या पंगतीत बसली. वाढणाऱ्या बाईनं तिच्या पत्रावळीवर बेसन वाढलं आणि विचारलं, "मावशी, नव्या दिसता. कुठल्या?"

"धनजकडची."

"अवो, मंग आमचे भन्तेही तिकडचेच. वयखता का त्यायले?"

लिलाबाईनं घास मोडला. आजूबाजूला सगळ्या अनोळखी बाया होत्या, कोणी तिच्याकडं पाहत नव्हतं, एक शेजारीण तिच्याकडं मिठाची वाटी सरकवत होती.

"आमच्या गावचे हायेत," ती म्हणाली.

"चांगला मानूस हाये," ती बाई म्हणाली. "दुपारी असे झोपतात, पोट्टे अंगावर पाय देऊन जातीन तरी उठत नाईत." आणि पुढच्या पत्रावळीकडं गेली.

लिलाबाई पोटभर जेवली. शेजारणीशी तिच्या सुनेबद्दल बोलली, तिच्या बोलण्यावर हसली. मांडवातून निघताना तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण वळली असती तर थांबावंसं वाटलं असतं. रस्त्यावर जीप भरत होती. ड्रायव्हरनं तिला दोन बायांच्या मध्ये बसवलं, आणखी एकीला दाबून घेतलं, आणि दार लागेना म्हणून बाहेरून पाय लावून ते बंद केलं.